ऊतकांच्या स्लाइड स्कॅन करताना

स्कॅन बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रामुळे नव्हे, तर स्लाइडमुळे. म्हणून तयारीलाच अधिक वेळ द्यावा. छेद, म्हणजे ऊतकाचा कापलेला पातळ थर, ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा, एकसारखा आणि सुरकुत्या नसलेला असावा, कारण घडी पडलेल्या जागी ऊतकाची उंची बदलते आणि यंत्राचा फोकस नेमका तिथेच चुकतो. कव्हरस्लिप, म्हणजे ऊतकावरची पातळ काच, चिकटवणारे डीपीएक्स पूर्ण वाळू द्यावे. कव्हरस्लिप स्लाइडच्या कडेबाहेर आलेली नाही हे पाहावे आणि बोटांचे ठसे मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत.

नेहमीच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवलेल्या) स्लाइडसाठी २०एक्स (२० पट) विशालन, म्हणजे साधारण ०.५ मायक्रॉन प्रति पिक्सेल, बहुधा पुरते. केंद्रकातील बारकावे हवे असतील तर ४०एक्स घ्यावे. मात्र ४०एक्सच्या ०.२५ मायक्रॉन प्रति पिक्सेलला १५ मिलिमीटर लांब-रुंद ऊतकाची प्रतिमा ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेलची होते आणि कॉम्प्रेशनआधी सुमारे १०.८ जीबी जागा घेते.

पूर्वदृश्यात स्कॅनची चौकट स्वतः तपासावी. स्तनाच्या ऊतकातील फिकट चरबीचा भाग यंत्राला रिकामी काच वाटू शकतो आणि तो वगळला जातो. अशा वेळी चौकट हाताने वाढवावी व फोकसबिंदू ऊतकावरच ठेवावेत.

लेबलचे छायाचित्र अनेकदा फाइलमध्येच साठवले जाते. त्यावर रुग्णाचे नाव असेल, तर फाइल दुसऱ्या संशोधकाकडे पाठवण्यापूर्वी ते छायाचित्र फाइलमधून काढून टाकलेच पाहिजे. फाइलचे नाव बदलणे पुरेसे नाही. मूळ स्लाइड मात्र जपून ठेवावी, कारण धूसर भाग आढळल्यास पुन्हा स्कॅन करावा लागतो.