कूलंटची मंद गळती: शोधावी कशी, थांबवावी कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत जुनी गाडी वापरणाऱ्या पुष्कळांच्या डिकीत पाण्याची एक बाटली कायमची असते. "आमची गाडी जरा पाणी पिते," असे सांगून ते आठ-पंधरा दिवसांनी कूलंटच्या टाकीत थोडे पाणी ओततात आणि पुढच्या कामाला लागतात. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत द्रवाची यंत्रणा मात्र बंदिस्त असते आणि निकोप गाडीत टाकीतली पातळी महिनोन् महिने जवळजवळ एकाच रेषेवर राहते. पातळी उतरत असेल तर कोठेतरी गळती आहे, एवढे निश्चित समजावे.

मिनिटाला एक थेंब ही गळती डोळ्यांना दिसतही नाही. पण दिवसाचे १४४० थेंब होतात आणि वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ७२ मिलि, म्हणजे आठवड्याला अर्धा लिटर कूलंट जातो. शिवाय त्याबरोबर दाबही जातो, आणि माझ्या मते ते नुकसान अधिक मोठे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे साधे पाणी १०० ऐवजी साधारण ९७-९८ अंशांनाच उकळते. टाकीच्या झाकणाने एक बारच्या, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका जादा दाब धरून ठेवला तर तेच पाणी १२० अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळल्यावर ही मर्यादा आणखी वाढते. गळक्या यंत्रणेत हा दाब टिकत नाही. म्हणूनच गावातल्या गावात व्यवस्थित चालणारी गाडी वंटमुरीच्या चढावर, उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत जाताना, एकाएकी तापते.

शोधाची सुरुवात पान्याने न करता पेनाने करावी. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवर पातळीची बारीक खूण करावी आणि आठ दिवस रोज त्याच वेळी, गाडी त्याच सपाट जागी उभी असताना, पातळी पाहून वहीत लिहावी. त्या दिवशी गाडी किती चालली, घाट होता का, रात्र थंड होती का, हेही लिहावे. गाडी उभी असतानाही पातळी उतरते की फक्त लांबच्या प्रवासानंतर, एवढे कळले तरी अर्धा शोध लागलेला असतो. इंजिन गरम असताना टाकीचे झाकण मात्र कधीही उघडू नये. वरचा होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) हाताने दाबल्यावर मऊ लागेपर्यंत थांबावे, आणि पंख्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची वायर काढावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो.

त्यानंतर इंजिन स्वच्छ करावे. खानापूरकडची तांबडी माती आणि चिकोडीकडची काळी धूळ तेलकट भागांवर चिकटली की गळतीची खूण तिच्याखाली झाकली जाते. ओल्या फडक्याने आणि ब्रशने होज पाइपांचे सांधे, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या आजूबाजूची जागा पुसून घ्यावी. जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुऊ नये, वायरींत पाणी शिरते. हे काम पावसाळ्यात करण्यात अर्थ नाही. जुलै महिन्यात खालचे सगळेच ओले असते. गाडी दोन दिवस छपराखाली ठेवता आली तरच करावे. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरावा. एसीचे पाणी स्वच्छ आणि निर्गंध असते. कूलंटचा थेंब हिरवा, लाल किंवा निळा, बोटाला बुळबुळीत आणि वासाला गोडसर असतो. तो चाखून मात्र पाहू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोड असल्यामुळे कुत्री, मांजरे, वासरे ते चाटतात, म्हणून अंगणात सांडलेला थेंबही धुऊन काढावा.

पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून निश्चिंत होऊ नये. गरम धातूवर पडलेला थेंब तेथेच वाळतो आणि मागे पांढरट किंवा हिरवट पापुद्रा उरतो. हातबत्ती आणि छोटा आरसा घेऊन तोच पापुद्रा शोधायचा असतो. प्रथम वरचा आणि खालचा होज पाइप यांचे सांधे, मग हीटरचे दोन पाइप, मग रेडिएटर पाहावा. अलीकडच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्या दोघांना जोडणारी दुमडलेली पट्टी हीच त्याची कमकुवत जागा, आणि तेथे मीठ फुटल्यासारखी कड दिसली की निदान झाले. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील गेले की कूलंट त्यातून बाहेर येतो, म्हणून त्या भोकाखाली वाळलेला ओघळ आहे का, हे आरशातून पाहावे. टाकीला बारीक तडा गेला असेल किंवा झाकणाचे रबर कडक झाले असेल, तरीही पातळी उतरते. झाकण हा सर्वांत स्वस्त भाग असूनही सर्वांत शेवटी तपासला जातो.

माझ्या डिझेल गाडीत दोन हिवाळ्यांपूर्वी हाच प्रश्न होता. एका गॅरेजने वॉटर पंप बदलला, बिल झाले, आणि महिन्याभरात पातळी पुन्हा बोटभर उतरली. मग मी वही धरली. तिच्यात असे दिसले की डिसेंबरच्या गार पहाटेनंतरच पातळी उतरते, दुपारी चाळीस-पन्नास किलोमीटर धावूनही नाही. एका सकाळी सहा वाजता, इंजिन सुरू न करता, हातबत्ती धरून इंजिनच्या पाठीमागच्या बाजूला वाकलो, तेव्हा हीटरच्या पाइपाच्या क्लिपखाली मोहरीएवढा हिरवा थेंब लोंबत होता. गारठ्याने रबर आकसे आणि सांधा सैल पडे. इंजिन तापल्यावर तोच सांधा फुगून घट्ट बसे. गॅरेजमध्ये गाडी नेहमी गरमच पोहोचत होती, त्यामुळे तेथे ही गळती दिसणे शक्यच नव्हते.

डोळ्यांनी काही सापडले नाही, तर प्रेशर टेस्टर लावावा. झाकणाच्या जागी बसवायचा हा हातपंप बऱ्याच गॅरेजांत असतो. इंजिन थंड असताना झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरावा, त्याहून अधिक नाही, आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. आमच्याकडचे फिटर कन्नडमध्ये "नीर सोरतैति" (पाणी गळतंय) म्हणत कान लावून बसतात, कारण पुष्कळदा थेंब दिसण्याआधी बारीक सुस्कारा ऐकू येतो. काटा उतरतो पण बाहेर कोठेच ओल नाही, असे झाले तर गळती आतली समजावी. चालकाशेजारच्या सीटपुढचा गालिचा ओला आणि काचेवर गोडसर वासाचे धुके येत असेल, तर हीटरची जाळी गेली आहे. सकाळी सुरू करताना पांढरा धूर बराच वेळ टिकणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय धरणे, ही हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील, गेल्याची लक्षणे आहेत. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) फुटल्यानेही कूलंट धुराबरोबर जातो. अशी गाडी चालवत न नेता उचलून न्यावी. पाणी शिरलेल्या ऑइलवर इंजिन चालवणे म्हणजे बेअरिंग गमावणे.

क्लिप आणि होज पाइप यांचे काम घरी करता येते. गाडी थंड असताना खाली घमेले ठेवून कूलंट काढावा, क्लिप सोडवावी आणि पाइप ओढून न काढता हलकेच फिरवून सैल करावा. प्लास्टिकची नळी ओढण्याने मोडते. नळीवरचा पापुद्रा बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा, पाइपाच्या तोंडाला चिरा असतील तर पाइपच बदलावा. नळीच्या टोकाला जो उंचवटा असतो, त्याच्या आतल्या बाजूला नवी क्लिप बसवावी आणि रबर किंचित दबेपर्यंतच आवळावी, कारण फार आवळलेली क्लिप रबर कापते. प्लास्टिकच्या टाकीचा तडा एम-सीलने बुजवणे हे घरी पोहोचण्यापुरते ठीक आहे. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय मी कोणालाही सांगणार नाही, कारण भोक बुजते तशीच हीटरची बारीक जाळीही बुजते. गळती थांबवण्याच्या पावडरींचेही तसेच. वॉटर पंप बदलायचा असेल आणि तो टायमिंग बेल्टवर (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल, तर बेल्टही त्याच वेळी बदलावा. मजुरी एकदाच पडते.

पुन्हा भरताना बोअरवेलचे पाणी वापरू नये. त्यातला क्षार रेडिएटरमध्ये जमतो आणि नव्या गळतीची तयारी करतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्यावे, किंवा तयार मिश्रण आणावे, आणि ते रंगावरून न निवडता गाडीच्या पुस्तिकेवरून निवडावे, कारण दोन कंपन्यांचा एकच रंग म्हणजे एकच रसायन नव्हे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनपासूनच झाकण उघडे ठेवून, खालचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवावे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडल्याची ती खूण असते, आणि अडकलेली हवा तेव्हा बुडबुड्यांनी बाहेर येते. काही गाड्यांत हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो. तो पुस्तिकेत पाहावा.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी भरून नवी खूण करावी आणि पुन्हा आठ सकाळी वही लिहावी. पंधरवड्याने क्लिप थंड असताना पाऊण फेऱ्याहून कमी आवळून पाहावी. नवे रबर थोडे बसते. पातळी खुणेवरच राहिली तर मग चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरायला हरकत नाही. खरी परीक्षा परतीची असते, कारण उतरताना गाडी तापत नाही, परतीच्या चढावर तापते.