नवीन मोटारसायकल शिकताय? आधी थांबायला शिका

गाडी शिकवणारे बहुतेक जण क्लच आणि गिअरपासून सुरुवात करतात. गाडी बंद न पडता चार हात पुढे गेली, की 'जमलं की!' म्हणून पाठ थोपटतात. थांबायचं कसं, हे शिकणाऱ्याने आपलं आपण शोधायचं, तेही भर रहदारीत. वर 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील' हा सल्ला फुकट मिळतो. तो आधी डोक्यातून काढून टाका.

ब्रेक लागला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. ते रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. नुसता मागचा करकचून दाबला, तर चाक लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, गाडी फरफटते. पुढच्या ब्रेकने माणूस पडतो तो बहुतेकदा ब्रेक गचकन दाबल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना दाबल्यामुळे.

सराव असा करा

१. सपाट, कोरडी आणि रिकामी जागा शोधा. वाळू, बारीक खडी किंवा तेल सांडलेलं नको. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट इथेही हवेतच. हेल्मेटचा पट्टा लावून ते मागून वर ढकलून पाहा. डोक्यातून निघत असेल, तर ते तुमच्या मापाचं नाही.

२. ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ या. ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा आणि दोन्ही ब्रेक एकत्र लावा.

३. सगळी गोम उजव्या हातात आहे. पुढच्या ब्रेकचा लिव्हर आधी हलकेच ओढा, पुढचा सस्पेन्शन (चाकाचे धक्के झेलणारा भाग) खाली बसल्याचं जाणवेल. भार पुढे आला, की मग जोर वाढवत न्या. या दोन्हींत क्षणभराचंच अंतर असतं, पण तेवढ्यात टायरला पकड मिळते. गाडी थांबता थांबता जोर थोडा कमी करा, म्हणजे शेवटचा झटका बसत नाही.

४. नजर समोर लांब ठेवा. चाकाकडे पाहिलंत, तर हँडल डगमगतं. गुडघ्यांनी टाकी धरा, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही.

५. थांबताना गाडी पहिल्या गिअरमध्ये आलेली असू द्या. मागून कोणी सुसाट येत असेल, तर लगेच निघता आलं पाहिजे.

हात बसला, की ३०, मग ४०. घाई नको. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. ३० च्या वेगात गाडी ५ मीटरमध्ये थांबत असेल, तर ६० ला तिला २० मीटर लागतात. त्यातही धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या वाहनाला चिकटून चालवणाऱ्याचे ब्रेक कितीही चांगले असोत, उपयोग शून्य.

पुढचं चाक लॉक झाल्यासारखं वाटलं, तर लिव्हर लगेच ढिला करा आणि पुन्हा हळूवार दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर लिव्हर किंवा पेडल थरथरतं. घाबरून सोडू नका, यंत्रणा तिचं काम करत असते. अर्थात वळणात आडव्या झालेल्या गाडीला साधा एबीएस फारसा वाचवत नाही, म्हणून वेग वळणाआधीच उतरवा.

पाऊस पडून गेलेला असेल, तर पुढच्या वाहनापासून अंतर दुप्पट ठेवा. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर ब्रेक टाळा. पहिल्या सरी विशेष वाईट, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर येते.

मागे कोणाला बसवायची घाई करू नका. दोघांच्या वजनाने गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते, आणि ब्रेक लागताच मागचा माणूस तुमच्या पाठीवर आदळतो. बसवायची वेळ आलीच, तर त्याला हेल्मेट द्या आणि हाच सराव त्याला मागे घेऊन पुन्हा २० पासून करा.