बैलजोडीने लाकूड ओढण्याचा धंदा करताय? या चुका टाळा

कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पडलेलं फणसाचं झाड बघायला भाटकार (बागेचे मालक) बोलावतात, तेव्हा मी आधी झाडाकडे बघत नाही. पाट कुठून जातो, मेरेवरची (बांधावरची) माती किती ओली आहे, रस्त्यापर्यंत बैलांना पाऊल कुठे टाकता येईल, हे बघतो. मला पैसे मिळतात ते त्या वाटेचे. नुसत्या ओंडक्याचे असते तर भाटकारांनी ट्रॅक्टरच बोलावला असता.

मोऱ्या आणि धवळ्या ही माझी तिसरी जोडी. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या उतारांवर, सागवानाच्या छोट्या लागवडीत, आकेशियाच्या पट्ट्यांत आणि कुळागरांत आम्ही ओंडके रस्त्याला आणून लावतो. अलीकडे दोन-तीन तरुण विचारायला आले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः केल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक चुकीचं मूळ एकच होतं: बैलांकडून यंत्राचं काम मागणं.

युरोपातल्या घोड्यांचे व्हिडिओ बघून बेत आखणे

बेल्जियममध्ये आर्देन जातीचा एकटा घोडा जंगलातून भलाथोरला ओंडका ओढताना दिसतो आणि वाटतं, आपणही हे करू. पण त्या घोड्याचं वजन सातशे ते हजार किलो असतं. त्याच्या गळ्यात भरीव गळपट्टा असतो, त्यामुळे तो दोन्ही खांदे लावून, छातीचा जोर टाकून ओढतो. आपल्या बैलाच्या मानेवर जू असतं आणि सगळा जोर वशिंडाच्या पुढच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो. माझ्या जोडीचं दोघांचं मिळून वजन सहाशे किलोच्या आत आहे.

"मग घोडाच आणू का?" असंही एकाने विचारलं. नको. थंड हवेत घडलेलं ते अवजड जनावर आपल्या दमट उन्हात सुखाने काम करणार नाही. त्याचे नाल ठोकणारा, त्याचा साज शिवणारा माणूसही इथे नाही. गोव्याची स्वतःची श्वेत कपिला ही गाईबैलांची जात आहे, तिची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झालेली आहे. अंगाने लहान, खायला कमी आणि या हवेला सरावलेली. युरोपातल्यांकडून शिकायची गोष्ट वेगळी: तिथले लोक घोडा कुठे वापरतात ते बघा. जिथे यंत्र नेलं तर माती दबते आणि उभी झाडं सोलली जातात, तिथे. आपलं कामही तिथेच आहे.

वजनाचा हिशोब न करता साखळी लावणे

एक साधा हिशोब पाठ करा. तीन मीटर लांब आणि १२० सेंटिमीटर घेराचा ओंडका घ्या. त्याचं घनफळ होतं सुमारे ०.३४ घनमीटर. ओलं लाकूड घनमीटरला हजार किलोच्या आसपास धरलं तर हा ओंडका ३४० किलो भरला. सपाट, कोरड्या जमिनीवर तो नुसता घसटत न्यायचा तर वजनाच्या निम्मा जोर लागतो, म्हणजे १७० किलो. आणि बैल दिवसभर न थकता ओढू शकतो तो जोर स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. माझी जोडी म्हणजे पंचावन्न-साठ किलो. थोड्या पावलांसाठी ती याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावते, पण मग तिला थांबवावंच लागतं.

म्हणून ओंडका जमिनीवर लोळवत नेऊ नका. मी वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची कमान करून घेतली आहे. पुढचं टोक तिला टांगलं की निम्मं वजन चाकांवर जातं आणि ओढ जवळपास निम्म्यावर येते. कमान जिथे शिरत नाही तिथे साखळी आखूड घ्या, म्हणजे तोंड थोडं उचललं जातं. पुढच्या कापाची कडा कुऱ्हाडीने गोल तासून घ्या. या पाच मिनिटांच्या कामाने ओंडका मुळांत आणि दगडांत रुतायचा थांबतो.

चाल ठेवायची ती अशी: तीस-चाळीस पावलं, मग दम. बैलाचा श्वास खाली बसला की पुढचा टप्पा. नवखे लोक नेमके इथे घाई करतात. बैल थांबलेला दिसला की त्यांना तो वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो आणि ते हिसका देऊन उठवतात. हिसक्याने साखळी ताणते, जू उडतं आणि खांदा फाटतो.

खांद्याकडे उशिरा बघणे

दुसऱ्या जोडीच्या वेळची गोष्ट. मार्चअखेर, ट्रक दुपारी येणार म्हणून मी अकरानंतरही जुंपून ठेवलं. घामाने खांदा ओला, त्यावर जू घासतंय, आणि मी "अजून एकच फेरी" म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी डाव्या बैलाच्या मानेवर नारळाएवढी सूज. खांदेसूज उतरून तो परत जुवाला मान द्यायला लागेपर्यंत महिना गेला. त्या महिन्याची कमाई गेलीच, पण जू दिसलं की मान काढून घेण्याची त्याची सवय कायमची राहिली. ती माझ्यामुळे लागली, हे मला आजही सलतं.

तेव्हापासून सोडल्यावर पहिलं काम म्हणजे तळहाताने खांदा चाचपणं. गरम लागतो का, दाबल्यावर बैल कातडी थरथरवतो का, केस गेलेत का. यातलं एक जरी आढळलं तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी. गाठ झाली तर घरी चिरा देऊ नका, गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. जू हलक्या लाकडाचं असावं, खालची बाजू रुंद आणि गुळगुळीत. दोन बैल उंचीने सारखे नसतील तर जू तिरकं बसतं आणि भार दोघांवर सारखा येत नाही, म्हणून जोडी विकत घेताना रंग नंतर बघा, आधी वशिंडांची उंची मोजा.

जनावरांना ओढायला लावण्याबद्दल १९६५ चे केंद्राचे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ मध्ये काम नाही. बैलाला टोचायची टोकदार आरही चालत नाही. आपल्याकडे पारा ३७ च्या वर क्वचित जातो, पण हवेतला दमटपणा त्याहून वाईट. मी पहाटे साडेसहाला जुंपतो आणि अकराला सोडतो, मग थर्मामीटर काही का म्हणेना.

खुरांकडेही असंच लक्ष हवं. जांभ्या दगडावर खूर काचपेपरवर घासल्यासारखे झिजतात. पत्री (बैलाच्या खुराचा नाल) मारून घ्या आणि ती सैल झाली की लगेच बघा.

आधी झाड पाडणे, मग वाट शोधणे

क्रम उलटा हवा. पाडण्याच्या आदल्या दिवशी मी मोकळ्या बैलांना घेऊन ती वाट चालून येतो. बैल जिथे बिचकतो तिथे काहीतरी असतं: पोकळ माती, मधमाश्या, नाहीतर पालापाचोळ्याखाली झाकलेला जुना चर. वाट ठरली की झाड कापणाऱ्याला सांगायचं, बुंधा या दिशेला येऊ दे. झाड आडवं पडलं तर ते उभ्या पोफळींमधून वळवण्यातच अर्धा दिवस जातो आणि दोन-तीन पोफळी सोलल्या जातात. भाटकारांच्या लक्षात राहतात त्या सोललेल्या पोफळी.

कुळागरात पाट ओलांडताना ओंडका सरळ त्यावरून नेला की बांध फुटतो आणि खालच्या सगळ्या पायऱ्यांचं पाणी बंद होतं. वाळलेल्या पोफळीची दोन खोडं पाटावर आडवी टाका, त्यावरून ओंडका घसरवा. काम झाल्यावर बांध स्वतःच्या हाताने लिंपून द्या. मला पुढची कामं याच्यामुळे मिळाली आहेत.

उतारावर ओंडका बैलांच्या मागून धावत येतो. तिथे साखळी लांब घ्या आणि ओंडक्याच्या मागच्या टोकाला फांद्यांचा भारा बांधा, तो लगाम धरतो. फार तीव्र उतारावर बैल जुंपूच नका. तिथे ओंडका दोरांनी सोडायचा आणि बैल खालच्या सपाटीवर लावायचे.

माणसाने खालच्या अंगाला चालायचं नाही, साखळीच्या आत पाय टाकायचा नाही, कासरा हाताला गुंडाळायचा नाही. कापलेलं झाड दुसऱ्या झाडात अडकलं असेल तर ते बैलांनी ओढून पाडायचा विचारसुद्धा करू नका.

कागद भाटकारांच्या भरवशावर सोडणे

"आमचंच झाड, आमचंच भाट (बागायत)" हे ऐकून कामाला लागू नका. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खाजगी जमिनीतलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. वाऱ्याने पडलेलं असलं तरी वनखात्याला कळवून, वाहतुकीचा परवाना हातात आल्यावरच ओंडका रस्त्याला लावा. रस्त्यावर पकडला जातो तो ओढणारा आणि ट्रकवाला.

माडाबद्दल अजून गोंधळ आहे. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं, ते ऐकलेले लोक आजही "माडाला परवानगी नको" म्हणतात. २०१७ मध्ये माड परत कायद्यात आला आणि राज्यवृक्ष झाला.

दुसरी अडचण खाजगी वनाची. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कुणाचीही असली तरी जंगल ते जंगलच, असं ठरलं. गोव्यात सावंत आणि करापूरकर समित्यांनी अशी खाजगी वनं शोधून नोंदवली. आपलं भाट त्यात आहे हे खुद्द भाटकारांनाही कधी कधी ठाऊक नसतं. सर्व्हे क्रमांक घेऊन वनखात्यात विचारा. सत्तरीत तर म्हादई अभयारण्याची हद्दही तपासावी लागते.

मापात आणि दरात चुकणे

लाकडाचं माप बहुधा चौथाई घेराने घेतात: घेराला चाराने भागायचं, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. वरचाच ओंडका या मापाने ०.२७ घनमीटर भरतो, म्हणजे खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्के. हा रिवाज आहे, त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती तुम्हाला ओढण्याचे पैसे कुठल्या मापावर मिळणार हे आधी न ठरवल्यामुळे. एकदा एका व्यापाऱ्याने साल काढून, ओंडक्याच्या बारीक टोकाला दोरी लावून माप घेतलं आणि त्याच मापावर माझी मजुरी धरली. बैलांनी मात्र सालीसकट जाड बुंधा ओढला होता. आता मी मधल्या घेराचं माप स्वतः घेतो आणि वहीत दोघांची सही घेतो.

दर ठरवताना अंतर, उतार आणि पाट-मेर किती ओलांडायचे, हे तिन्ही धरा. आणि बैल काम असो नसो, वर्षाचे ३६५ दिवस खातात. तीनशे किलोच्या बैलाला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा लागतो. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर पोट भरतं, ताकद येत नाही. पेंड आणि कोंडा हवाच. ओढायचे दिवस मात्र दिवाळी ते मे, आणि त्यातलेही शंभर-सव्वाशेच हाती लागतात. पावसाळ्यात मी ओंडका ओढत नाही. ओल्या उतारावर एका फेरीने पडलेला चर पुढच्या पावसात ओहोळ होतो. त्या चार महिन्यांची वैरण उन्हाळ्याच्या दरात बसवा, नाहीतर ऑगस्टमध्ये बैल विकावे लागतील.

गोचीड "किरकोळ" समजणे

२०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात माकडताप आला. तो गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका आपल्या कामाचा हंगाम. बैलाला तो ताप येत नाही, पण जंगलातला गोचीड त्याच्या अंगावरून गोठ्यात पोचतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पॅन्ट मोज्यांत खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल. कापलेल्या पाल्यावर बसून जेवू नका. मेलेलं माकड दिसलं तर त्या भागात काम थांबवा आणि आरोग्य केंद्राला कळवा. जंगलातून आल्यावर ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना "मी रानात काम करतो" हे आधी सांगा.

बैलांचे गोचीडही रोज काढा. लघवी तांबडी दिसली तर एक दिवसही थांबू नका. घटसर्पाची लस पावसाआधी, लाळ-खुरकूतीची ठरल्या वेळी.

बैल मध्येच थांबला तर

आवाज चढवू नका. आधी साखळी बघा, मुळात किंवा दगडात अडकली असेल. मग खूर, फटीत खडा असतो. मग जू उचलून खांदा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर जू काढा, सावलीत न्या, अंगावर पाणी घाला आणि प्यायला द्या. त्या दिवसाचं काम संपलं. हे सगळं ठीक असूनही तो हलत नसेल, तर ओंडका जड आहे. करवत आणा आणि मधून कापा. व्यापारी लांब तुकडाच मागत असेल तर साखळी सोडा आणि फोन करून कमान येईपर्यंत उद्यावर टाका. मोऱ्या तोवर चरतो, धवळ्या बसून रवंथ करतो आणि मी पत्र्या तपासून घेतो.