मे महिन्यात संभाजीनगर, पोरं सोबत, आणि पूलवालं हॉटेल कसं शोधायचं

मे मध्ये पारा चाळिशी पार असतो त्यामुळे पोरांना पूल पाहिजेच, पण फोटो बघून बुक करू नका. आम्ही केलं, गेलो तर पूल कोरडा, तळाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वाळलेली पानं!! इथं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उन्हाळ्यात तर बघायलाच नको, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी थेट रिसेप्शनला फोन लावा आणि "पूल आहे का" नाही, "आज पूलमध्ये पाणी आहे का" असं विचारा. मॅपवर लोकांनी टाकलेले फोटो बघा, तेही एप्रिल-मे मधलेच.

टायमिंग विचाराच. बऱ्याच ठिकाणी दुपारी पूल बंद ठेवतात आणि आपण तर वेरूळवरून भाजून दुपारीच परत येतो ना. लहान पोरांसाठी बेबी पूल वेगळा आहे का, मोठा पूल किती खोल आहे, नायलॉनचा कॉश्च्यूम लागतो का हेही विचारून घ्या, नाहीतर तिथेच दुप्पट पैसे देऊन घ्यावा लागतो.

वेरूळ साधारण 30 किमी, अजिंठा 100 च्या आसपास. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, त्यामुळे शनिवार-रविवार धरून दोन रात्री पुरतात. वेरूळचं कैलास लेणं सकाळी उघडल्या उघडल्या गाठा, नंतर दगड तापतो. बीबी का मकबरा संध्याकाळी. आणि एसीला जनरेटर बॅकअप आहे का ते पण विचारा हां.