क्लाउडवर चढवण्याआधी ऑडिओ फ्लॅक करून घ्या

मुलाखती, गाणी वेव्ह फॉरमॅटमध्येच क्लाउडवर टाकली की जागा भराभर संपते. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी खातं, आणि गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत जीमेल, फोटोही आलेच. फ्लॅक (FLAC) हा फाइल लहान करणारा ऑडिओ फॉरमॅट इथे कामी येतो.

१. ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ एडिटरमध्ये फाइल उघडून फ्लॅकमध्ये एक्स्पोर्ट करा. मूळ रेकॉर्डिंग २४ बिटचं असेल तर इथेही २४ बिटच निवडा. आकार बराच घटतो, पण आवाजाचा दर्जा तोच राहतो. एमपी३मध्ये तो उतरतो, म्हणून जपून ठेवायची प्रत त्यात नकोच.
२. नावात तारीख आधी लिहा: २०२५-०३-१४-मुलाखत. यादी आपोआप क्रमाने लागते.
३. मग अपलोड.

सिंकलाच (संगणकावरचं फोल्डर आणि क्लाउड आपोआप सारखं ठेवणं) बॅकअप समजू नका. सिंक केलेल्या फोल्डरमधून फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही जाते. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाच.