समुद्री टाकीसाठी घरगुती उपकरणे : पंखा, पाण्याची भरपाई, दगड आणि फेस

महाराष्ट्रात घरी समुद्री मासे आणि प्रवाळ यांची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो उन्हाळ्याचा. प्रवाळटाकीचे पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरांत ते पाहता पाहता ३१-३२ अंशांवर जाते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, हे यावरचे महागडे उत्तर झाले. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीला बहुधा कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा पुरतो. अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीवर तो प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधावा, पट्टी टाकीच्या काठावर टेकवावी आणि वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वाहील असा कोन द्यावा. झाकण काढल्यामुळे मासे बाहेर उडी मारू शकतात, म्हणून वर बारीक प्लॅस्टिकची जाळी ताणून बसवावी.

हा पंखा काम कसे करतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते, आणि शंभर लिटर खारे पाणी एक अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ४१० किलोज्यूल काढून घ्यावी लागते. हिशेबाने एका लिटरच्या वाफेत पाणी पाच-सहा अंशांनी उतरायला हवे, पण खोलीतली आणि दिव्यांची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. हवा कोरडी असेल तर परिणाम चांगला मिळतो. नागपूरला ज्या कारणाने कूलर उत्तम चालतो आणि मुंबईत चालत नाही, तेच कारण येथेही लागू पडते. मुंबई-कोकणात एकट्या पंख्याच्या भरवशावर राहू नये. दिव्यांची वेळ रात्रीची ठेवावी आणि टाकी घरातल्या सर्वांत थंड भिंतीशी मांडावी.

वाफ होते ती फक्त पाण्याची. मीठ मागेच राहते, आणि पंखा जितका चांगला चालेल तितकी टाकीतली क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचे प्रमाण, झपाट्याने वाढते. ती हजारी ३५ भाग, म्हणजे सुमारे १.०२५ ते १.०२६ विशिष्ट गुरुत्व, इतकी स्थिर असावी. त्यामुळे पंख्याच्या जोडीला गोड्या पाण्याची भरपाई आपोआप होण्याची सोय लागतेच, आणि माझ्या मते घरी करण्याजोग्या सर्व उपकरणांत हेच सर्वांत मोलाचे आहे.

पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रात साठवणीच्या टाकीत बसतो तो लहान प्लॅस्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि त्याचीच पाव इंची नळी दुरुस्तीच्या दुकानात स्वस्तात मिळते. व्हॉल्व्हमध्ये पितळेचा भाग नसल्याची खात्री करावी, कारण तांबे विरघळले तर कोळंबी आणि प्रवाळ यांना ते विषासारखे मारते. व्हॉल्व्ह टाकीच्या मागच्या कप्प्यात किंवा संपमध्ये (टाकीला खाली जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) हव्या त्या पातळीवर बसवावा, नळी उंचावर ठेवलेल्या कॅनच्या तोटीला जोडावी आणि कॅनच्या झाकणाला बारीक छिद्र पाडावे. ते नसेल तर आत हवा शिरत नाही आणि पाणी अडते. तरंगत्या भागाभोवती जाळीचे कोंडाळे करावे, कारण गोगलगाय त्यावर चढून बसली तर तो खालीच दबून राहतो.

आता कॅनच्या आकाराविषयी. मी प्रथम सोयीसाठी वीस लिटरचा जार लावला होता. एका रात्री व्हॉल्व्ह उघडाच अडकला आणि सकाळपर्यंत सगळा जार शंभर लिटरच्या टाकीत रिकामा झाला, म्हणजे क्षारता ३५ वरून २९ वर आली. मासे वाचले, कोळंबी वाचली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. तोच कॅन तीन लिटरचा असता तर क्षारता ३४ वर थांबली असती आणि कोणाला इजा झाली नसती. घरगुती उपकरण कधीतरी बिघडणारच. ते बिघडल्यावर टाकी तगेल इतकेच पाणी त्याच्या हाती द्यावे. तीन लिटरचा कॅन रोज किंवा दिवसाआड भरावा लागतो, ते कष्ट घ्यावेत. भरपाईचे पाणी आरओचे आणि शक्य तर पुढे डीआय राळेतून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या राळेतून) गाळलेले असावे. घरच्या यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू असतो, तो पूर्ण बंद करावा.

टाकीतला खडक मात्र समुद्रातून आणू नये. भारतात पाषाण-प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडाही त्यात येतो. दगड घरी करता येतो. मासळीबाजारात कालवांचे रिकामे शिंपले मिळतात. ते उकळून, उन्हात वाळवून, गोणपाटात गुंडाळून ठेचावेत. एक भाग पांढरे सिमेंट, तीन भाग ठेचलेले शिंपले आणि एक भाग खडे मीठ, कमीत कमी पाण्यात कालवून, घमेल्यात ओल्या जाड वाळूत केलेल्या खळग्यांत ओतावे. मीठ पुढे विरघळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवल्यावर दगड पाण्याच्या पिंपात टाकावेत आणि दर तीन दिवसांनी पाणी बदलावे. सिमेंटमधला चुना निघून जायला सहा ते आठ आठवडे लागतात. एक दगड ताज्या पाण्यात २४ तास बुडवून पीएच ८.५ च्या खाली राहिला, तरच तो टाकीत घालावा. घाई करण्याची ही जागा नव्हे. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहून प्रसिद्ध केलेली पद्धत जिवंत खडक (जिवाणूंनी वस्ती केलेला समुद्री दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच उभी होती, कारण माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू अशा सच्छिद्र दगडात वस्ती करतात.

प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यात विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, तेही त्याच बुडबुड्यांवर चालते. साधारण दोन फूट लांबीचा यूपीव्हीसी पाइप टाकीत उभा करावा, बुडाशी चिरा पाडाव्यात आणि आत तळाशी लाकडी एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला जोडायचा, बुडबुडे काढणारा तुकडा) सोडावा. दगडी एअरस्टोनचे बुडबुडे पुरेसे बारीक नसतात. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक ठेवावे, म्हणजे वर चढलेले पाणी परत टाकीत जाते. पाइपच्या वरच्या तोंडात घट्ट बसेल अशा प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून बसवावा आणि तिची मान तळाला भोक पाडलेल्या बरणीत वर काढावी. फेस मानेतून वर येऊन बरणीत सांडतो. जोडांना लावायचे सिलिकोन बुरशीनाशक नसलेले घ्यावे आणि ते पूर्ण सुकू द्यावे. पहिले काही दिवस फेस टिकत नाही. नंतर कोऱ्या चहाच्या रंगाचे, उग्र वासाचे पाणी जमू लागले की यंत्र लागू पडले असे समजावे. लाकडी एअरस्टोन महिना-दीड महिन्याने बदलावा.

मीठ, क्षारतामापक आणि हीटर यांत मात्र काटकसर करू नये. सगळ्या वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्याव्यात, म्हणजे ओघळलेले पाणी तेथूनच गळून पडते. आणि टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. एअर पंप जेमतेम पाच वॅटचा असतो, तेव्हा तो इन्व्हर्टरवर जोडावा आणि पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा. खाली ठेवला, तर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.