प्रोबायोटिक चालू आहे तरी मासे सुस्तच? जड धातूंच्या बाबतीत या चुका टाळा

सकाळी साडेसहाला एका ओळखीच्या मत्स्यपालकाचा फोन, "दादा जरा येऊन बघा, दीड महिना झाला प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत बॅक्टेरियाची पावडर) चालू आहे, मागच्या आठवड्यात डोस पण डबल केला, तरी बोटुकली वर येऊन तोंड मारतेय." गेलो. प्लास्टिकच्या टाक्या, तिलापियाची बोटुकली, एरेटर चालू, मीटरवर ऑक्सिजन ६ च्या वर, अमोनिया नाही, नायट्राइट नाही. मग एक मासा हातात घेऊन कल्ल्याचं झाकण नखाने हळूच उचललं, तर आत लालभडक दिसायच्या ऐवजी पांढुरका चिकट थर, बोटाला तार सुटत होती. विचारलं, हे दिवसभर असतं का? तर म्हणाला नाही, सकाळी पाणी बदललं की तासाभरात सुरू होतं आणि दुपारपर्यंत कमी होतं. उत्तर तिथेच होतं. पाण्याची लाइन नवीन टाकलेली, जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप, पाणी एकदम मऊ, आणि रात्रभर त्या पाइपात थांबून जस्त उतरलेलं पाणी सकाळी पहिल्या झटक्यात टाकीत. लाइन बदलून प्लास्टिकची केली, पाच-सहा दिवसांत वर येणं थांबलं. प्रोबायोटिक वाईट नव्हतं हो, पण त्याच्याकडून जे मागितलं जात होतं ते त्याचं कामच नाही. आणि तेवढ्या दिवसांत जी बोटुकली गेली ती गेलीच, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

सगळ्यात मोठी चूक: प्रोबायोटिक धातू "खाऊन टाकतं" असं समजणं

हा गैरसमज कुठून येतो ते कळतं मला. आपल्याला अमोनियाची सवय आहे, बॅक्टेरिया लागले की अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट, विषय संपला. पण शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत, त्यांचं विघटन होत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात. मग प्रोबायोटिक नेमकं काय करतं? लॅक्टोबॅसिलससारख्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या भिंतीवर ऋण भार असतो, धातूचा आयन धन भाराचा, तो भिंतीला चिकटतो आणि आतड्यातून रक्तात जायच्या आधी विष्ठेतून बाहेर पडतो. हे एक. दुसरं म्हणजे धातूमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, ते टिकवायला हे बॅक्टेरिया मदत करतात, आणि लिव्हरवर जो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणारा रासायनिक ताण) येतो तो कमी झालेला प्रयोगांमध्ये दिसलाय. तिलापियावर कॅडमियमचे प्रयोग झालेत, कॉमन कार्पवर शिशाचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तर कार्पच्याच आतड्यातून वेगळा केलेला लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरी वापरला होता. रिझल्ट चांगले आहेत, मी स्वतः खाद्यातून प्रोबायोटिक देण्याच्या बाजूचा आहे. पण त्या सगळ्यांत शब्द आहे "कमी झालं". शून्य झालं असं कुठेच नाही.

कारण धातू आत शिरायची वाट एकच नाही. खाद्यातून आतड्यात, ही एक. दुसरी कल्ल्यातून, थेट रक्तात. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पितच नाही, म्हणजे पाण्यात विरघळलेला धातू त्याच्या अंगात जातो तो मुख्यतः कल्ल्यातून, आणि खाद्यातलं प्रोबायोटिक तिथे पोचत नाही. (खाऱ्या पाण्यातला मासा सतत पाणी पितो, तिथे आतड्याचा वाटा मोठा.) कॅडमियमचं तर असं आहे की कल्ल्यात कॅल्शियम आत घ्यायचे जे मार्ग असतात त्यातूनच ते घुसतं. म्हणून पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅडमियमला जागा कमी मिळते आणि पाणी मऊ असेल तर तेवढ्याच कॅडमियमने जास्त नुकसान होतं. त्यामुळे पावडरचा दुसरा डबा आणायच्या आधी हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि क्षारता (अल्कलिनिटी) मोजा, दोन्ही टेस्ट घरच्या घरी किटवर होतात.

आणि बाहेर पडलेल्या विष्ठेचं काय? ती तळाला गाळात बसते. गाळ तसाच ठेवला, त्यात ऑक्सिजन संपला, सामू खाली आला, की धरून ठेवलेला धातू परत पाण्यात सुटायला लागतो. पारा असेल तर आणखी वाईट, ऑक्सिजन नसलेल्या गाळात सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया त्याचं मिथाइलमर्क्युरी करतात आणि ते माशाच्या मांसात जाऊन बसतं. टाकीत प्रोबायोटिक देताय तर तळ सायफन करायलाच हवा, आणि तो गाळ दुसऱ्या टाकीच्या कडेला ओतू नका. तळ्यात मासे असताना गाळ ढवळायचा नाही, तो हार्वेस्ट झाल्यावर तळं रिकामं करून काढायचा.

धातू येतोय कुठून हे न शोधता उपाय सुरू करणं

आपल्याकडे कारखाना जवळ नाही म्हणजे मेटल नाही, हे मी खूप ऐकतो. अहो बहुतेक वेळा तो आपणच आणलेला असतो. जीआय पाइप, पितळी व्हॉल्व्ह, हीटरची तांब्याची कॉइल, जुन्या लोखंडी टाकीचा रंग. नवीन बोअरचं पाणी, ज्यात लोह असतं आणि काही भागात आर्सेनिक पण असतं (लोहाचं पाणी आधी वेगळ्या टाकीत हवा मारून थांबवलं की लोह लालसर गाळ होऊन बसतं, हे न करता सरळ सोडलं तर तोच गाळ कल्ल्यांवर बसतो). कोंबडीखत, कारण कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त घातलेलं असतं ते खतात उतरतं. आणि स्वतः माशाचं खाद्य, विशेषतः ज्यात स्क्विडच्या लिव्हरची पावडर असते, स्क्विडच्या लिव्हरमध्ये कॅडमियम साठतं. म्हणजे ज्या गोळीवर आपण प्रोबायोटिक चढवतोय त्याच गोळीत कॅडमियम असू शकतं.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार, वेगळं सांगतो कारण इथे सर्रास चूक होते. शेवाळ वाढलं की मूठभर टाकायची सवय असते. तांब्याचं विषारीपण क्षारतेवर अवलंबून असतं, त्यामुळे जुना हिशोब असा आहे की क्षारतेचा आकडा (लिटरला मिलिग्रॅममधला) भागिले १००, तेवढं मिलिग्रॅम मोरचूद एका लिटरला. क्षारता ८० असेल तर ०.८ मिलिग्रॅम. आणि क्षारता ५० च्या खाली असेल तर मोरचूदाला हातच लावायचा नाही. शिवाय तांबं बॅक्टेरियाही मारतं, म्हणजे सोमवारी पाण्यात प्रोबायोटिक आणि मंगळवारी मोरचूद असं केलं तर सोमवारचे पैसे पाण्यात गेले, आणि शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना रात्री ऑक्सिजन खाली जातो तो त्रास वेगळाच.

लक्षणं बघून अंदाजाने ठरवणं

वर येऊन तोंड मारणं हे ऑक्सिजन कमी असल्याचं, अमोनियाचं, नायट्राइटचं, कल्ल्यातल्या परजीवींचं, सगळ्याचंच लक्षण आहे. कल्ले चॉकलेटी दिसत असतील तर आधी नायट्राइट बघा. पहाटे त्रास आणि ऊन आल्यावर ठीक, तर ऑक्सिजन. ऑक्सिजन भरपूर, अमोनिया-नायट्राइट नाही, तरी कल्ल्यावर भरपूर चिकट स्राव, आणि त्रासाची वेळ पाणी बदलण्याशी किंवा काहीतरी टाकण्याशी जुळते, तर धातूचा संशय घ्या. परजीवी नाहीत ना हे मायक्रोस्कोपखाली बघून घ्या म्हणजे उगाच भलतं औषध जात नाही.

खात्री लॅबमध्येच होते, आणि सॅम्पल चुकीचं घेतलं तर लॅब काय करणार. धातूचं झाकण असलेली बाटली नको, काचेचीही नको, प्लास्टिकची, लॅबकडूनच अ‍ॅसिडने धुतलेली मागून घ्या. नायट्रिक अ‍ॅसिड घालून सामू २ च्या खाली आणावा लागतो नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतो आणि रिपोर्ट मस्त येतो. ते अ‍ॅसिड स्वतः हाताळू नका, लॅबला विचारा. फक्त पाणी देऊन थांबू नका, खाद्य आणि गाळही द्या. पाण्यात आज काही सापडलं नाही म्हणून सुटका नाही, पाणी वाहून गेलेलं असतं, गाळात मागचं सगळं असतं.

खाद्यात मिसळताना प्रोबायोटिक मारून टाकणं

यावर थोडा वेळ द्या कारण पैसे इथेच वाया जातात. लॅक्टोबॅसिलस उष्णतेला टिकत नाही, पेलेट मशीनच्या आधी पिठात मिसळलं की संपलं. बॅसिलसचे बीजाणू बरेचसे तग धरतात, त्यामुळे लेबलवर काय आहे ते आधी वाचा. लॅक्टोबॅसिलस असेल तर तयार आणि थंड गोळीवर थोड्या तेलातून नाहीतर जिलेटिनच्या पाण्यातून चढवायचं, सावलीत पंधरा-वीस मिनिटं सुकू द्यायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. मिसळायचं पाणी क्लोरीनचं नको. उन्हात ताडपत्रीवर पसरून सुकवलेलं मी बघितलंय, कृपा करून तसं करू नका.

हिशोब साधा आहे. समजा एका ग्रॅम खाद्यात १ कोटी जिवंत बॅक्टेरिया हवेत, तर एक किलोला १००० कोटी लागतील. पावडरच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटी लिहिलंय, म्हणजे किलोला १० ग्रॅम. हा आकडा लेबलवर नसेल, एक्सपायरी नसेल, नुसतं "पॉवरफुल बॅक्टेरिया" लिहिलं असेल तर तो डबा घेऊ नका. नावाबद्दल एक गोष्ट, २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या गटाची नव्याने विभागणी झाली, प्लांटारमचं नाव आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम आहे, दोन्ही नावं बाजारात दिसतील, जात एकच. मात्र जात एक असली तरी प्रत्येक स्ट्रेन (त्या जातीतला वेगळा वाण) धातू तेवढाच धरतो असं नाही, म्हणून स्ट्रेनचा नंबर आहे का बघा. पाण्यात टाकायचं वेगळं आणि खाद्यातलं वेगळं असतं, एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक देऊ नका, कोर्स संपल्यावर सुरू करा. आणि आठवडाभर देऊन बंद करायचं, मग परत आठवलं की द्यायचं, असंही नको. हे बॅक्टेरिया आतड्यात कायमचे राहत नाहीत, देणं बंद केलं की थोड्याच दिवसांत धुऊन जातात. प्रयोगही चार ते आठ आठवडे रोज देऊन केलेले असतात.

मासा वाढतोय म्हणजे खायला चालेल असं धरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण इथे नुकसान आपलं नाही, खाणाऱ्याचं आहे. प्रोबायोटिकने भूक सुधारते, वजन वाढतं, अंगावर चमक येते. पण धातू मांसात आहे की नाही हे चमकीवरून कळत नाही. कॅडमियम जास्त करून लिव्हर आणि किडनीत साठतं, शिसं हाडात, पण पाऱ्याचा मुक्काम मांसातच आणि शिजवून तो जात नाही. माशातल्या शिशासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम आहे. एकदा जरी धातूचा त्रास झालेला असेल तर विक्रीच्या आधी मांसाची टेस्ट करून घ्या, लिव्हरची वेगळी, आणि रिपोर्ट येईपर्यंत माल काढू नका.

आता आज, या क्षणी मासे वर येत असतील तर काय? आधी पाण्याचं सॅम्पल भरून ठेवा, पाणी बदलल्यावर पुरावा राहत नाही. मग संशय असलेलं पाणी बंद, एरेटर फुल, खाद्य बंद, आणि दुसऱ्या चांगल्या सोर्सचं, त्याच तापमानाचं पाणी थोडं थोडं करून आत. पाणी मऊ असेल तर कॅल्शियम क्लोराइडने हार्डनेस हळूहळू वाढवा, घाईत चुना ओतू नका, सामू उडाला की असलेला अमोनिया जास्त विषारी होतो. प्रोबायोटिक या टप्प्यावर नकोच, मासा खात नाहीये तर ते आत जाणार कसं, गोळ्या नुसत्या तळाला कुजतील. दोन-तीन दिवसांनी मासे नेहमीच्या जागी येऊन खाद्याची वाट बघायला लागले की निम्म्या खाद्यापासून सुरू करा, आणि त्या पहिल्या निम्म्या खाद्यावरच प्रोबायोटिक चढवलेलं असू द्या.